शाडू वाळेपर्यंत

आमच्या कारखान्याच्या भिंतीवर सोनेरी रंगानं एक ओळ लिहिलेली हाय. "हात थांबला नाही, तर नशीब थांबत नाही." अक्षर वाकडंतिकडं, पण रंग बघा कुठला. बाप्पाच्या मुकुटाचा. पेणवरनं मी बाटली आणलेली, एक्कावन्न मुकुट आणि एक्कावन्न बाजूबंद त्यात बसवायचे होते. अर्धी बाटली भिंतीनं खाल्ली. मी ओरडले तर मितेश म्हणतो, "अगो, रोज नजरेसमोर पायजे. सर म्हणालेत, जिथं काम करता तिथं लिहा."

मितेश म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण राग आला की मनात नाव घेते, आणि ह्या वर्षी राग उतरलाच नाय.

आम्ही पेणजवळच्या जोह्याचे. इथं घरटी कारखाना हाय म्हटलं तरी चालेल. गल्लीतनं चाललं की दोन्ही बाजूंना बिनरंगाचे गणपती बसलेले दिसतात. आमचा कारखाना सासऱ्यांचा. त्यांचं नाव दिनानाथ, सगळे अण्णा म्हणतात. मितेश मात्र दहा वर्षं रोह्याला कंपनीत पॅकिंगला होता. शिफ्टला जेवढे ड्रम जास्त भरतील तेवढं सुपरवायझर पाठीवर थाप मारायचा. फाल्गुनात कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो घरी आला. महिनाभर गप्प बसून होता. मग कुणीतरी पेणला एका हॉलमध्ये घेऊन गेलं. तिथं आदर्श सर म्हणून एक माणूस माइक घेऊन दोन तास बोलला, आणि आमचा माणूस घरी आला तो ती ओळ घेऊनच.

बरं, सर काय खोटं बोलले असं मी म्हणत नाय. ड्रम भरायला ती ओळ बरोबरच हाय. पण ह्या वर्षी आमच्याकडं शाडूचं काम होतं.

ते काम माझं होतं. हे आधी सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच हाय. पनवेलच्या एका सोसायटीचे सुशील साहेब होळीच्या सुमाराला आले होते. मी हातानं केलेली नऊ इंचांची एक मूर्ती त्यांनी उचलून चारी बाजूंनी बघितली आणि विचारलं, "ही कुणी केली?" अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, तेवढी वर्षं मी त्या कारखान्यात माती मळतेय. पण 'कुणी केली' असं मला कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी एक्कावन्न मूर्ती सांगितल्या आणि वहीत नाव लिहिलं ते माझं. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येणार. मूर्ती चांगल्या उतरल्या तर दरवर्षी.

शाडूचं एक हाय. पीओपी अर्ध्या तासात दगड होतं, शाडू नाय. साच्यात दाबायचा, काढायचा, जोड बसवायचे, ओला हात फिरवून अंग गुळगुळीत करायचं आणि मग फळीवर सावलीत ठेवून द्यायचा. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत बारा दिवस. त्या बारा दिवसांत मूर्तीला हात लावायचा नाय. वरनं सुकलेली दिसते, पोटात ओलीच असते. घाई केली की वरचं कातडं आवळतं आणि मान तडकते. अण्णा तर त्या खोलीचं दारसुद्धा हळू लावतात.

आषाढात पहिल्या एक्कावन्न मूर्ती फळीवर गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाताची रोपं लावून, आवणीवरनं आले. कंबरेपासनं खाली चिखल, पाठ मोडलेली, आणि बघते तर अंगणात ऊन पडलंय आणि उन्हात ओळीनं माझे गणपती.

"अहो! हे काय?"

"ऊन पडलं गो. चार दिवसांनी पडलंय. म्हटलं, फायदा घेऊ."

"उचला आधी! आत घ्या!"

"अगो, सकाळपासनं बसून होतो. बसून कसं चालेल?"

आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातले दोन्ही पंखे आणून लावले. मी बंद केले. त्याच्या पुढच्या दिवशी शेजारच्या कारखान्यातनं हॅलोजन आणला आणि मी पुन्हा आवणीला गेलेली. संध्याकाळी आले तर खोली भट्टीगत तापलेली, मितेश उघड्या अंगानं घामाघूम, हातात पॉलिश पेपर, आणि एकेका मूर्तीचं पोट घासतोय. तोंडावर पांढरी धूळ. एवढा खुश की काय सांगू.

"बघ, सत्तावीस झाल्या."

अण्णा दारात उभे होते. ते हळू म्हणाले, "मितेश, तुला सकाळपासनं चार वेळा सांगितलं. मूर्तीला बसू दे."

"अण्णा, तुमचा जमाना वेगळा. आता बसला तो गेला."

सकाळी आमची दिशा कॉलेजला निघताना तिनं दार उघडलं आणि हाक मारली, "आई, इकडं ये." नुसत्या आवाजावरनं मला कळलं. एकोणचाळीस मूर्तींच्या माना तडकल्या होत्या. काहींच्या सोंडा मुळातनं सुटून मांडीवर पडलेल्या. उरलेल्या बारांना पोटावर केसागत चिरा.

मी खाली बसले. रडले नाय, पण बसले. मितेश आला, त्यानं सगळं बघितलं, एक सोंड उचलून परत लावून बघितली. मला वाटलं, आता तरी कळेल. त्यानं सोंड अलगद फळीवर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मेहनत कमी पडली."

आता सांगा. ह्या माणसाचं काय करायचं?

"कमी पडली?" मी म्हटलं. "अहो, जास्त पडली! तुम्ही काही केलं नसतं तर त्या आज धड असत्या!"

"असं नसतं गो. काही न करता काही मिळतं व्हय? सरांनी सांगितलंय, फळ नाय मिळालं तर समजायचं आपण कुठंतरी थांबलो."

ह्या बोलण्याला कुठनं धरायचं तेच कळत नाय. फळ मिळालं तर मेहनत केली म्हणून, नाय मिळालं तर कमी केली म्हणून. त्या सरांचं काहीच चुकत नाय, कधीच नाय. चुकतं ते आमच्या गणपतींचं.

शाडूची एक दया असते, मोडला तरी वाया जात नाय. सगळ्या एक्कावन्न मूर्ती आम्ही पिंपात पाण्यात सोडल्या. माझ्या हातानं केलेले चेहरे बुडबुडे सोडत विरघळले, ते बघवलं नाय. मग परत मळणं, परत साचे. आवणी संपवून मी आणि अण्णा त्याच कामाला बसलो. माझ्या टाचांच्या भेगांत माती भरली, बोटांची कातडी पांढरी होऊन सोलायला लागली. अण्णांचे गुडघे सुजले, ते एका पायावर फडकं गुंडाळून बसायचे. मितेश पाणी आणायचा, माती चाळायचा, आणि त्या कामात खरंच बैलासारखा राबायचा. मी खोटं कशाला बोलू. आळशी माणूस असता तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

नागपंचमीच्या दिवशी सकाळी शेवटची मूर्ती फळीवर गेली. अण्णांनी बोटांवर हिशोब घातला. "आजपासनं गोकुळाष्टमीला अठरा दिवस. बारा वाळायला, सहा रंगाला आणि डोळ्यांना. एक दिवस इकडंतिकडं झाला तर संपलं गो."

डोळे अण्णांचे. दिवसाला अकरा जोड्या, सकाळच्या उजेडात, जेवणाआधी. बारावी ते काढत नायत, हात कापायला लागतो म्हणतात.

नागपंचमीला आमच्याकडं खणत नायत, कापत नायत, चुलीवर तवासुद्धा ठेवत नायत. वाफवलेलं खायचं आणि हात जोडून बसायचं. मी हळदीच्या पानात पातोळ्या लावत होते, तर बाहेर धप्पकन आवाज आला आणि मागोमाग मितेशची किंकाळी. टेम्पोतनं शाडूच्या दहा गोण्या आल्या होत्या. त्यानंच परस्पर मागवलेल्या. "पुढच्या वर्षाची तयारी," म्हणे! एकटाच उतरवत होता. सातव्या गोणीला कंबरेत अशी उसण भरली की माणूस गोणीवरच आडवा, हलता येईना.

दुसऱ्या दिवशी मिनिडोर रिक्षाच्या मागच्या सीटवर त्याला आडवा घालून रामवाडीला नेला. तिथं सारा मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना. मॅडम ज्यू, त्यांचे बाकीचे लोक कधीच इस्रायलला गेले, ह्या आणि ह्यांचे म्हातारे वडील निसीमकाका तेवढे इथं राहिलेत. शटर बंद. शनिवार होता, त्यांचा पाळायचा वार, माझ्या डोक्यातच नाय आलं. निसीमकाका वरच्या खिडकीतनं म्हणाले, "उद्या सकाळी आठला आणा. आज ती हात लावणार नाय."

"शनिवारचा धंदा बुडवतात," मितेश कण्हत कण्हत म्हणाला. "असं कसं पुढं जाणार माणूस?"

"तुम्ही आधी सरळ उभे राहा," मी म्हटलं.

रविवारी मॅडमनी तपासलं. बाई कमी बोलते. "वाकायचं नाय, उचलायचं नाय. आठ दिवस आराम. दुखणं उतरलं की व्यायाम मी सांगीन. मोबाईलवरचं बघून काही करायचं नाय."

"मॅडम, काहीतरी द्या ना करायला. नुसतं पडून कसं बरं होणार?"

"पडून राहणं हेच करायचंय."

"पण..."

"मितेशभाऊ, आम्ही आठवड्यातनं एक दिवस काहीच करत नाय. अजून मेलो नाय कुणी."

मी हसले. तो नाय हसला.

घरी येऊन तो पडला आणि देवाशपथ सांगते, आमच्या घरात शांतता झाली. खोलीचं दार बंद, आत एक्कावन्न मूर्ती आपापल्या वाळतायत, बाहेर पाऊस. आत तान्हं पोर निजलेलं असावं तशी मी रोज सकाळी फटीतनं बघायचे. नागपंचमी धरून पाचव्या दिवशी कडेकडेनं रंग बदलायला लागला, काळपट होता तो करडा झाला.

आणि सहाव्या दिवशी सकाळी त्या दारात मितेश उभा. एक हात भिंतीला, एका हातात पॉलिश पेपर.

मी दार अडवलं. "अहो, झोपा जाऊन."

"बरं वाटतंय गो आता. बसल्या बसल्या दोन-चार घासतो. तुझीच कामं हलकी होतील."

"नको. कंबर पूर्ण बरी होऊ दे."

"ती पण लवकर बरी करतो," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन त्यानं चटई टाकली. मोबाईलवर कुणी पैलवान गडी उताणा पडून दोन्ही पाय एकदम वर उचलत होता. मितेशनं तसे उचलले. सहाव्यांदा उचलताना तोंडातनं असा आवाज आला की अण्णा आतनं धावत आले. पुन्हा उसण. पुन्हा खाटेवर. दोन दिवस कूस बदलता आली नाय.

त्या दोन दिवसांत मूर्ती आणखी वाळल्या.

मी ते बघितलं. नाय बघितलं असं म्हणणार नाय.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या कंबरेला तेल लावत होते. तो पालथा पडला होता, तोंड उशीत. पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंनी दोरखंडासारखे ताठलेले. मान न वळवताच म्हणाला, "अनिता, मला काय वाटतं माहीत हाय?"

"काय?"

"मॅडमचंच बरोबर असेल. मी पाय उचलतो तेव्हाच जास्त होतंय. बहुतेक काही गोष्टींना थांबायलाच लागतं. त्या मूर्तींचं पण तसंच झालं असेल का गो?"

माझा हात तिथंच राहिला. चार महिने मी ह्या एका वाक्यासाठी घसा फोडत होते. आणि ते कधी आलं? तीन दिवस बाकी असताना. तो थांबला तर दोन दिवसांत उठून बसणार. उठला की शहाणपण कुठपर्यंत टिकणार? त्याचे हात मला माहीत हायत. नुसत्या प्रेमानं फिरवीन म्हणेल, आणि वाळायच्या आधीच फिरवील. परत एक्कावन्न माना. आणि आता पिंपात सोडून परत करायला दिवसच नव्हते.

मी म्हटलं, "नाय. थांबू नका."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"तुम्हीच लिहिलंय ना भिंतीवर?" मी म्हटलं. "हात थांबला नाही, तर नशीब थांबत नाही. एवढ्यात हार मानता? कमी पडतंय तुमचं. सहावर सोडता, दहा करा."

"तुला वाटतं?"

"मला खात्री हाय."

माझा आवाज जरासुद्धा कापला नाय. सकाळी त्यानं चटई टाकली. मी शेजारी उभी राहून मोजले. "सात. आठ. उचला, अहो." दहाव्याला त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि दात मात्र हसत होते. "झाले!" म्हणाला. अर्ध्या तासानं त्याला खाटेवर न्यायला दिशा आणि मी दोघी लागलो. दिशा मला म्हणाली, "आई, तू वेडी हायस का? मॅडम काय म्हणाल्या होत्या?" मी तिला पाणी आणायला पाठवलं. अण्णा ओट्यावर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बंद दाराकडं बघितलं, आणि तंबाखू मळत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढचे दोन्ही दिवस मी सकाळी मोजले.

तेराव्या दिवशी दार उघडलं. एक्कावन्नच्या एक्कावन्न. पांढऱ्या, कोरड्या, बोटानं टिचकी मारली की खणखणीत. एका मूर्तीला केसाएवढीसुद्धा चीर नव्हती. अण्णांनी एकेक उचलून कानाशी वाजवली. मग पांढऱ्या रंगाचा पहिला हात, अंगाचा रंग, पितांबर, शेले. सोनेरी पुरवून पुरवून लावला, शेवटच्या सात मुकुटांना काडीनं. अण्णा रोज सकाळी अकरा जोड्या डोळे काढून उठायचे. पाचव्या सकाळी सातच उरल्या. शेवटच्या जोडीला त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या हातच्या हायत, शोभतात गो." मला त्यांच्याकडं वर बघायचं धैर्य झालं नाय.

गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली. सुशील साहेबांबरोबर सोसायटीच्या दोन बायका होत्या. त्या एकेका मूर्तीपुढं हात जोडत होत्या. साहेबांनी वही काढली. "पुढच्या वर्षी एकशे एक. नाव तुमचंच ना, अनिताताई?"

"व्हय," मी म्हटलं.

मितेश भिंत धरत धरत बाहेर आला. कंबरेत वाकलेला, एक पाय ओढत. दाढी वाढलेली. साहेबांनी विचारलं, "अरे, हे काय झालं?"

"काय नाय साहेब, कंबर," तो म्हणाला. हसत होता. "सगळे म्हणत होते थांब. अण्णा म्हणाले थांब, डॉक्टरीणबाई म्हणाली थांब, पोरगी म्हणाली. मी पण डगमगलो होतो, खरं सांगतो. एकटी ही म्हणाली, थांबू नका." त्यानं माझ्याकडं हात केला. "लोकांच्या बायका पाय ओढतात साहेब. माझी सकाळी शेजारी उभी राहून मोजते."

त्या दोघी बायका माझ्याकडं बघून कौतुकानं हसल्या. मला त्या पिंपात तोंड घालावंसं वाटलं.

गाडी गेली. कारखाना रिकामा झाला, फळ्यांवर मूर्तींच्या बुडाचे गोल डाग तेवढे राहिले. संध्याकाळी मी झाडायला घेतलं तर मागनं चटई आपटल्याचा आवाज. मितेश हळूहळू, एकेक हात टेकत, तिच्यावर उताणा झाला. भिंतीवरची ओळ बरोब्बर त्याच्या डोक्यावर.

"मोज गो. आज बारा."

मी झाडू टाकला आणि त्याच्या पायाशी बसले.

"अहो, ऐका. मी तुम्हांला खोटं सांगितलं होतं."

"काय?"

"व्यायाम करा म्हटलं ते. मला माहीत होतं, त्यानं वाढणार. वाढावं म्हणूनच म्हटलं. तुम्ही उठला असता तर मूर्तींना हात लावला असता. म्हणून तुम्हांला पाडून ठेवलं मी. शेवटचे तीन दिवस. मुद्दाम. तुम्हांला कळत होतं, बरोबर कळत होतं, आणि मीच कळू दिलं नाय."

एका दमात बोलून टाकलं. म्हटलं आता ओरडेल, शिव्या घालेल, घालू दे. तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू तेच, पेणच्या हॉलवरनं आला तेव्हाचं हसू आलं.

"सरांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या टप्प्यावर सगळ्यात जवळचं माणूसच आपल्याला थांबवायला येतं. तू दमलीस गो, म्हणून असं बोलतेस. मोज. एक..."

आणि त्यानं दोन्ही पाय उचलले.

मी त्याचे घोटे धरले आणि खाली चटईवर दाबले. तो जोर लावत होता, मीही लावला. एकवीस वर्षं माती मळलेले हात हायत माझे. आवाज ऐकून अण्णा दारात आले.

"काय चाललंय गो?"

"काय नाय अण्णा. हलू देत नाय ह्यांना."

अण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "किती वेळ धरणार?"

"बारा दिवस," मी म्हटलं, आणि पाय सोडले नायत.